रिकाम्या हाताचा फेरा

चौसाळ्यात नबीचाचाला नुसतं चालताना कोणी कधी पाहिलं नव्हतं. पुढं हातगाडा अन् मागं नबी, असाच तो जन्मभर गल्लीबोळांतून हिंडला. हंगामाप्रमाणं पेरू, केळी, सीताफळं. त्यानं कोपऱ्यावर आरोळी ठोकली की बाया ताटल्या घेऊन दारात यायच्या.

मग त्याच्या लेकानं, साजिदनं, हायवेला फळांचं दुकान टाकलं. चांगलं झालं, कोण नको म्हणतं? पण या शहाण्यानं गाड्याची चाकं काढली, खाली विटा लावल्या आणि वर नारळ मांडले. बापाला आणून गल्ल्यावर बसवलं. "लई फिरलात अब्बा, आता आराम करा," म्हणाला. आराम कसला अन् काय! बसून बसून नबीचाचाचे गुडघे आखडले, साखर वाढली. शेवटी डॉक्टरनं दम भरला, "गोळ्या वाढवायच्या नसतील तर पाय हलवा. रोज संध्याकाळी फिरायला जायचं."

ज्याचं सगळं आयुष्य चालण्यात गेलं त्याला आता चालायला शिकवायचं, म्हणजे कमालच की नाही? पण ऐकलं बिचाऱ्यानं. पहिले काही दिवस त्याला हातांचं काय करावं तेच कळेना. कधी पाठीशी बांधायचा, कधी खिशात घालायचा. उतार आला की उगीच पाय रोवायचा, गाडा सुटेल म्हणून. किराणावाली शिवकन्या त्याला बघून हसायची, मग तोही हसायचा.

गुण मात्र आला, खोटं कशाला बोला. गुडघे सैल झाले, झोप लागायला लागली, साखर उतरली. साजिद ज्याला त्याला कौतुकानं सांगत सुटला. चाचाचा चेहरा तेवढा पडलेला असायचा.

त्याचं कारण म्हणजे त्याच्या वाटेवरचं तुळजाबाईचं घर. तुळजाआक्का म्हणायचा तो. म्हातारीची नजर गेलेली, दिवसभर ओट्यावर बसून असायची. सीताफळाचे डोळे उघडलेत का, हे ती बोटानं चाचपायची आणि सगळा गाडा उलथापालथा केल्याबिगर एक फळ उचलायची नाही. दुसऱ्या कोणाला नबीनं एवढा हात लावू दिला नसता. हिच्यासाठी तो गाडा ओट्याला टेकवून उभा राहायचा. भाव ठरेपर्यंत तिच्या सुनांची गाऱ्हाणी निघायची, पाऊसपाणी निघायचं, त्याच्या बायकोच्या, अनिसाच्या आठवणी निघायच्या. अनिसा गेल्यापासून पोटातलं बोलावं असं त्याला हेच एक माणूस उरलं होतं.

आता त्याच ओट्यापुढून तो रोज जायचा आणि तोंडातून अवाक्षर काढायचा नाही. मालाबिगर दारात उभा राहतो तो फेरीवाला नव्हे, मागणारा. हे त्याच्या बापानं लहानपणीच डोक्यात भरवलं होतं. हाक मारली तर म्हातारी फळासाठी हात पुढं करणार. त्या हातावर ठेवायचं काय? एकदा दुकानातली चार फळं पिशवीत घालून निघाला खरा. पण चार फळांत ती निवडणार काय, डोंबल? तशीच परत आणली.

मग काय, चोरासारखं जायचं. तिच्याशी बोलायला जीव नुसता तळमळायचा आणि पाय पुढं निघून जायचे. वळण ओलांडलं की डोळे पुसायचा. एवढ्या उतारवयाच्या माणसानं असं करावं का? पण करायचा.

दिवाळी तोंडावर आली, बाजारात सीताफळं आली. त्या संध्याकाळीही तो ओट्यापुढून निघाला होता, तेवढ्यात तुळजाबाई बोलली.

"नबी, आज तरी थांब."

त्याचे पाय जागीच अडले. "जी, आक्का."

"रोज जातूस इथून. पायताण घासत चालतूस, मला कळत न्हाई व्हय? मागल्या साली कच्चा माल गळ्यात मारलास म्हणून मी तुला लई बोलले. त्याचाच राग धरलास न्हवं? तुझी चाहूल लागली की मी गप बसते. वाटतंय, आज बोलशील. अन् तू निघून जातूस."

ते कच्च्या मालाचं बोलणं नबीचाचा त्याच दिवशी विसरला होता.

"राग न्हाई आक्का. तुमचा कसला राग?"

"मग कावून बोलंना झालास?"

"गाडा बंद झाला. रिकाम्या हातानं तुमच्या दारात कसं उभं राहू?"

म्हातारीनं हातानं चाचपून शेजारची जागा झटकली. मग हळूच म्हणाली, "मी काय सीताफळाची वाट बघत होते व्हय रं?"

नबीचाचा ओट्याच्या कडेला बसला. बोलायचं एवढं साचलं होतं, पण सुरुवात कुठून करावी ते दोघांनाही कळेना.