मास्तरांनी पऱ्हाटीचं माप घेतलं

"पहिले चिंधीवर." हे आमच्या गावच्या टेलर मास्तरांचं वाक्य. गिऱ्हाइकाचं कापड कितीही साधं असो, मास्तर आधी एका चिंधीवर चार बोटं टीप मारायचे, चिंधी उलटी करून पाहायचे, दोन्ही हातांनी ताणायचे आणि मगच कापड सुईखाली घ्यायचे. असा शिंपी तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल आणि माझ्यासारखेच त्याच्यासमोर ताटकळत बसून वैतागला असाल.

"मास्तर, पायजमाच त शिवाचा हाय," मी म्हणायचो.

"पायजमा तुमचा हाय. टीप माही हाय," मास्तर म्हणायचे, आणि पुन्हा चिंधीकडे वळायचे.

माझं आर्णी रोडवर, फाट्याला, वेल्डिंगचं दुकान आहे. वखर, डवरे, बैलबंड्या, गेटं. एक जुना ट्रान्सफॉर्मर आणि रॉड यांच्यावर मी पंचवीस वर्षं पोट भरलं. माझ्या जोडाला पंचक्रोशीत नाव आहे हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

ती कपाशीची वाईट वर्षं होती. बोंडात अळी शिरली होती आणि जो तो तिच्यावर औषध मारत सुटला होता. दिवाळीला नवं कापड शिवणारे कमी झाले. दसऱ्याआधी दीक्षाभूमीला जाणाऱ्यांचे पांढरे सदरे तेवढे मास्तरांकडे यायचे, बाकी वर्षभर मशीनवर फडकं. मास्तरांचा धाकटा भाऊ फवारणीची मजुरी करायचा. पाठीवर पंप आणि पुढं डोक्याएवढी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं. चालेल तसं औषध आधी त्याच्याच अंगावर पडायचं. एका पावसाळ्यात त्याला औषधाची बाधा झाली. वावरातच पडला, डोळ्यांना दिसेना, तोंडाला फेस. यवतमाळच्या दवाखान्यात नऊ दिवस होता. वाचला.

भाऊ दवाखान्यात असतानाच गावानं एक अजब दृश्य पाहिलं. मास्तर गळ्यात टेप अडकवून वावरात उभे, आणि पऱ्हाटीचं माप घेत आहेत. उंची घेतली, घेर घेतला, दोन तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, अंतर घेतलं आणि खिशातल्या वहीत लिहिलं, जसं सदऱ्याचं लिहितात तसं. लोक म्हणाले, मास्तरांचं डोकं फिरलं. मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू!

उन्हाळ्यात ते माझ्या दुकानात आले. काखेत वर्तमानपत्राची गुंडाळी. उलगडली तर कागदाचं कटिंग, ब्लाउजचं असतं तसं. एका चाकाची हातगाडी होती ती. पंप गाडीवर बसणार, माणूस पुढून ओढणार आणि औषध मागच्या आडव्या पाइपातून त्याच्या पाठीमागं पडणार.

"पुढच्या पावसाळ्यात लहाना पुन्हा फवारणीले जाईन," मास्तर म्हणाले. "दुसरं काम नाई त्याले. डॉक्टर म्हणे, आता बाधा झाली त वाचन्याचा भरोसा नाई. हे करून द्या."

पेरणीआधीचे दिवस. माझ्याकडे वखरांची रांग लागलेली. मी कागद हातात घेतला आणि हसलो. "मास्तर, लोखंड म्हंजे कापड हाय काय? काळ्या मातीत हे चाक चालन काय? अन् हा पातळ पाइप रॉडनं जयून जाईन. पेरनी झाल्यावर या."

त्यांनी कागदाची नीट घडी केली आणि निघून गेले. हे मी पहिल्यांदाच लिहून कबूल करतो आहे.

आठ दिवसांनी मास्तर यवतमाळच्या एसटीतून उतरले ते एका हातात वेल्डिंगची मशीन घेऊन. बिनगॅसची, तारेची, स्वस्तातली. आत तारेचं रीळ, तार पोकळ, तिच्या पोटात मसाला भरलेला. बंदुकीसारखी मूठ, तिचा घोडा दाबला की तार आपोआप पुढं सरकते. मला ते खेळणं वाटलं. मास्तरांनी मात्र रीळ पाहिलं, तार ज्या वाटेनं जाते ती वाट बोटानं पाहिली आणि म्हणाले, "बॉबिनच हाय हे."

मग माझ्या दुकानाशी त्यांची एकच मागणी राहिली. "लोखंडाच्या चिंध्या द्या." मी भंगारातले पाइपाचे तुकडे देऊ लागलो.

सुरुवातीला त्यांचा जोड म्हणजे नुसते मुंगीएवढे गोळे, आणि आवाज ओल्या फटाक्यांसारखा. मी ऐटीत सांगितलं, मशीनच हलकी आहे. मास्तरांना ते पटलं नाही. मशीनसोबत आलेला इंग्रजी कागद आमच्यापैकी कोणालाच वाचता येत नव्हता, पण त्यात दोन चित्रं होती, एक गॅसच्या टाकीचं आणि एक बिनटाकीचं. मास्तर चष्मा लावून दोन दिवस ती चित्रं पाहत बसले. "टाकी हाय थं बंदूक अधिकवर हाय. टाकी नाई थं उणेवर. आपली तं अधिकवरच जोडून आली."

"उघडू नका, झटका बसन!" मी ओरडलो.

त्यांनी प्लग काढला, झाकण उघडलं, आतल्या दोन वायरी अदलाबदल केल्या. पुन्हा घोडा दाबला तेव्हा कढईत भजी तळावी तसा एकसारखा आवाज आला. पंचवीस वर्षं मी वेल्डिंग करतो, पण माझ्या ट्रान्सफॉर्मरला अधिक-उणे काही नसतं, त्यामुळे हे मला ठाऊकच नव्हतं. एका शिंप्यानं चित्र पाहून ते ओळखलं.

दुसऱ्याच दिवशी मात्र त्यांचा चेहरा पडलेला. जोड आणला तो अनारशासारखा, नुसती भोकं. तार अडखळत येत होती, मध्येच घसरत होती. मीही चक्रावलो.

"सकाऊन काय केलं तुमी?"

"काई नाई. रोजच्यासारखी मशीन पुसली, तेल देल्लं."

"कोन्या मशीनले?"

"दोन्ही मशीनले," मास्तर म्हणाले.

शिलाई मशीनचं तेल त्यांनी तार ओढणाऱ्या चाकांना दिलं होतं! अख्ख्या जगात ही चूक फक्त शिंपीच करू शकतो. मी पोट धरून हसलो. मास्तर हसले नाहीत, त्यांनी निमूटपणे चाकं पुसली आणि तेलकट तार कापून टाकली. मग विचारलं, "तेलानं भोकं पडतात, त रंगानं अन् जंगानंबी पडत असतीन?" त्या दिवसापासून ते प्रत्येक तुकडा आरशासारखा घासल्याशिवाय हात लावेनात.

जोड तयार झाला की तो घेऊन ते माझ्याकडे यायचे. "उसवून दाखवा," म्हणायचे. मी तुकडा वाइसच्या पकडीत आवळायचो आणि हातोडा मारायचो. जोड तुटायचा. मास्तर तुटलेली कड उन्हात धरून पाहायचे. शिवताना कापड पुढं सरकतं म्हणून ते बंदूकही पुढं ढकलत होते आणि मसाल्याची काळी राख जोडात अडकत होती. मग ते हात मागं ओढायला शिकले. बंदुकीचं तोंड आणि लोखंड यांत बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवायला शिकले. पातळ पाइपाला भोक पडू नये म्हणून एक टाका मारायचा, तो थंडा होऊ द्यायचा, मग दुसरा. दुपारी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की विजेचा जोर कमी पडायचा. मास्तर तेव्हा कामच करायचे नाहीत, बिडी ओढत बसायचे. माझ्यासारखा माणूस अशा वेळी विजेला शिव्या देतो आणि कसातरी जोड मारून मोकळा होतो.

मृग तोंडावर आला तेव्हाची गोष्ट. मी नेहमीसारखा हातोडा मारला. एक, दोन, पाच, सात. पाइप वाकला, चपटा झाला. जोड तसाच. वरची काळी खपली उडाली आणि खालून एकाला एक लागून बसलेले बारीक टाके दिसले, सदऱ्याच्या कॉलरवर असतात तसे. माझ्या हातून एवढ्या पातळ पाइपावर असा जोड आजतागायत झालेला नाही.

"आता कपड्यावर," मास्तर म्हणाले.

गाडी झाली. पण खरी परीक्षा मी पुढंच पाहिली, आणि ती पाहायला मी दुकान बंद करून गेलो होतो. मास्तरांनी भावासाठी नवा पांढरा सदरा-पायजमा शिवला, पंपात औषधाऐवजी पाणी भरलं आणि त्यात कपड्याची नीळ कालवली. कंबरेएवढ्या पऱ्हाटीतून भाऊ गाडी ओढत गेला. परत आल्यावर मास्तरांनी त्याला उन्हात उभं करून गोल फिरवलं. पोटऱ्यांवर आणि कोपरावर निळे ठिपके.

"इतकुसं त हाय, दादा," भाऊ म्हणाला.

"हे इतकुसंच पोटात जाते," मास्तर म्हणाले.

मागचा पाइप एक हात लांब केला. पुन्हा धुतलेले पांढरे कपडे, पुन्हा फेरी. या खेपेला चार ठिपके. वाऱ्याकडं तोंड करूनच चालायचं, वाऱ्याला पाठ द्यायची नाही, हे ठरलं. तिसऱ्या फेरीला भाऊ बाहेर आला तो गेला होता तसा पांढराशुभ्र. मास्तरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, बाह्या उलट्या करून पाहिल्या. एकही ठिपका नव्हता. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहून हे पाहत होतो. मोठमोठ्यांना जे सुचलं नाही ते या माणसानं नीळ आणि मांजरपाटावर सिद्ध केलं होतं!

त्या पावसाळ्यात आणि पुढच्याही पावसाळ्यात भावाला बाधा झाली नाही. लोक गाड्या मागायला आले तेव्हा मास्तरांनी मला शेजारी बसवून शिकवलं, आणि मी मुकाट्यानं शिकलो. मी घाई केली की बंदूक माझ्या हातातून काढून घ्यायचे.

दुसऱ्या हंगामानंतरच्या हिवाळ्यात मास्तर गेले. दुपारी जरा पडतो म्हणाले, ते उठलेच नाहीत.

मातीनंतर तीन-चार दिवसांनी मी संध्याकाळी भावाच्या घरी गेलो. बोलता बोलता मी म्हणालो, मास्तरांना त्यांच्या जोडावर केवढा भरवसा होता! भावाची बायको चुलीपाशी होती. ती माझ्याकडे पाहतच राहिली.

"भरोसा?" ती म्हणाली. "फवारनीच्या दिवसात दादा रोज संध्याकाई येत. ह्यायले कंदिलासमोर बसवत अन् डोये पायत. डॉक्टरनं सांगतलं होतं म्हने, बाधा झाली त डोयातली बाहुली बारीक होते. मंग हे जेवून हात धुवत तवरिक दारात बसून राहत. दोन वर्सं. एक दिवस चुकला नाई."

मी जोड पाहिला होता, नीळ पाहिली होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं भावाचं ताट वाढलं. फवारणीचे दिवस नव्हते, वावरात औषधाचा थेंब नव्हता. तरी तो घास हातात धरून बराच वेळ दाराकडं पाहत बसला होता.