टेबलावरच्या रानातली चिंच

१९७४ साल. मी चाळीस वर्षांचा होतो. चौथीत शाळा सुटली माझी, पण लिहून घ्यायले दुसऱ्याच्या दारी कधी गेलो नाही. जसा बोलतो तसाच लिहून राहिलो, छापणाऱ्यांनी सुधरवू नये.

आधीच सांगून ठेवतो — भूत, चकवा, अंगात येणं, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही. गल्लीत कोणाच्या अंगात आलं की सारे हात जोडून उभे राहत, अन् मी हातमागावरूनच ओरडत असे, "देवीले म्हणा, चार बोटं काठ विणून दाखव!" तेव्हा हे वाचून कोणी म्हणू नये की म्हातारा पहिलेपासूनच तसा होता...

जागा नागपुरातली, महाल भागातली. तळमजल्यावर आम्ही — मी, माझी बायको अनसूया, माझी माय, अन् दोन हातमाग. वरच्या खोलीत मास्तर अन् मास्तरीणबाई. मास्तर शाळेत झाडापानांचा विषय शिकवून रिटायर झाले होते. आमच्या दोन मागांपैकी एकच चालत होता. दुसरा माझ्या धाकट्या भावाचा, देवाचा. त्याच्यावर नऊ वर्षांपासून चादर टाकलेली होती.

ते कसं झालं ते सांगतो. देवाचा हात माझ्याहून चांगला होता. हे मी त्याले कधी म्हटलं नाही. एक दिवस त्याच्या काठात मले चूक दिसली. मी उसवायले लावलं. त्यानं उसवलं, पुन्हा विणलं. मले पुन्हा चूक दिसली, पुन्हा उसवायले लावलं. तिसऱ्या वेळी त्यानं कात्री घेतली अन् मागावर चढलेला ताणा, म्हणजे सारे उभे धागे, मधून कापून टाकला. अर्धं लुगडं विणून झालं होतं. घरात मयत झाली तरी आमच्याकडे चढलेला ताणा कोणी कापत नाही. मी म्हणालो, "आता या घरात तोंड दाखवू नको." तो गेला.

चार दिवसांनी मी ते अर्धं लुगडं उजेडात धरून पाह्यलं. चूक त्याची नव्हतीच. आमच्या मागावर कापडाची सुलटी बाजू खाली, जमिनीकडं राहते. विणणाऱ्यापुढं असते ती उलटी. म्हणून नक्षीच्या कागदावरचं डावं ते उजवं धरून वाचायचं, हे विणकराच्या पोराले बोलता येण्याआधी समजते. त्या दिवशी मीच कागद सुलटा वाचला होता. हे मी कोणाले सांगितलं नाही. पण तेव्हापासून पुढं कोणताही नक्षीचा कागद आला की माझी नजर त्याले आपोआप उलटवून वाचते.

आणखी एक सांगायचं राहिलं, अन् ते सांगायले लाज वाटते. गल्लीतला एक जण ७१ साली नरखेडच्या बाजाराले गेला होता. त्याले तिथं देवा भेटला. तिकडच्याच एका गावाच्या शिवारात संत्र्याच्या बागेत कामाले आहे म्हणे. त्यानं मले गावाचं नाव सांगितलं. मी त्याले म्हणालो, घरी बोलू नको. ज्यानं ताणा कापला त्यानं यावं, मी काहून जाऊ? तीन वर्षं ते नाव मी पोटात ठेवलं.

अन् ७४ च्या सुरुवातीले, पौषात, मायचं अर्धं अंग गेलं. बोलणं बोबडं झालं. माघ लागला तसं तिनं जेवण टाकलं. अनसूया चमच्यानं पेज देई, माय तोंड फिरवी अन् दाराकडं पाहून एवढंच म्हणे, "देवा आला?"

त्याच माघातला रविवार. दुपारचे तीन वाजले असतील. मास्तरांनी वरून हाक मारली.

"या हो! मी एक खेळ तयार केला आहे. अजून दोन गडी पाहिजेत."

"खेळायचं वय आहे काय मास्तर माझं?"

मागून मास्तरीणबाई म्हणाल्या, "राहू द्या, त्यांना जमायचं नाही. बुद्धीचा खेळ आहे."

झालं! मी सूत फिरवायचा धोटा ठेवला अन् जिना चढलो. अनसूयाही आली, माय झोपली होती म्हणून.

टेबलावर मास्तरांनी मोठा पुठ्ठा अंथरला होता. त्यावर रंगानं रान काढलेलं — नाला, टेकडी, निळा डोह, पायवाटा, अन् एका टोकाले वनखात्याचा नाका. झाडं मात्र काढलेली नव्हती, त्यांच्या जागी नुसते गोल अन् आकडे. एक वनरक्षक या रानात हरवला आहे. कार्डांवरची कोडी सोडवायची, म्हणजे कोणत्या गोलात कोणतं झाड ते समजते. मग शेवटी एक पट्टी मिळते, तिच्यावर सांकेतिक भाषेत त्याची वाट लिहिली आहे. घड्याळात सहा वाजायच्या आत तो सापडला पाहिजे, नाही तर वाघानं नेला.

पहिलं कार्ड. वाळलेली गवताची काडी चिकटवलेली, अन् खाली लिहिलेलं — दार खाली ठेवून घर बांधतो, पाण्यावर झोके घेतो. कोणाचं घर, कोणतं झाड?

"सुगरण," मी म्हणालो. "विहिरीवरची बाभूळ. तो आमच्याच जातीचा आहे मास्तर, विणकर. फक्त त्याले कोणी उसवायले लावत नाही."

अनसूयानं माझ्याकडं पाह्यलं. मी दुसरं कार्ड उचललं.

दुसरं कवठाचं होतं. तिसऱ्यावर बारीक पाल्याची एक काडी होती, दिवेलागणीले पानं मिटून घेणारं झाड कोणतं असं विचारलेलं. मास्तरीणबाई म्हणाल्या निंब. अनसूया म्हणाली, "चिंच जी बाई. तुम्ही मास्तरांच्या घरच्या अन् तुम्हाले चिंच ओळखू येत नाही?" मास्तर असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

अशी दहा-बारा कोडी झाली. मग मास्तरांनी पट्टी काढली. हाताच्या पंजाएवढा चौकटीचा कागद. त्यावर बारकी बारकी पानं अन् पानांच्या दोन्ही बाजूंले टिंबं. टिंबं जितकी, तितकी पावलं. टिंब ज्या बाजूले, त्या बाजूले वळायचं. एवढं सांगून मास्तर म्हणाले, "याला अर्धा तास लागेल. कागद-पेन्सिल घ्या."

मले हसू आलं. हा तर काठाच्या नक्षीचा कागद होता! मी म्हणालो, "पेन्सिल कायले पाहिजे?" नाक्याच्या गोलावर बोट ठेवलं अन् चालायले लागलो. बाभूळ, विहीर. सात पावलं. कवठ. वळण. पुन्हा पाच...

इथून पुढं जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

पुठ्ठ्यावर बोट सरकून राहिलं होतं, अन् बोटाखाली गार लागलं. जशी सकाळची माती लागते तशी. वाटलं, खिडकीतून वारा आला असेल. मग वास आला, संत्र्याच्या मोहराचा. महालात त्या दिवसांत नाल्यांचा वास येई, भज्यांचा येई, सुताले लावायच्या खळीचा येई. मोहर कुठून येईल? मी मान वर करून विचारणार होतो, पण मान वर होईना. धाक वाटून नाही. उलट इतकं सुखाचं वाटत होतं की पाहायची इच्छाच नव्हती. गुडघ्याएवढ्या वाळल्या गवतातून मी चालून राहिलो होतो. विहिरीवर वाकलेली बाभूळ, तिले सुगरणीचे जुने खोपे, वाऱ्यानं हलणारे. दूर कुठं पाण्याचं इंजिन फट-फट करून राहिलं होतं. उन्हं उतरली होती. कवठ मागं गेलं. मग एक मोठी चिंच आली, बुंध्यात पोकळ. तिच्याखाली मी उभा राह्यलो.

समोर बाग. पांढऱ्या मोहरानं भरलेली. एक माणूस पाठमोरा, पावड्यानं झाडाचं आळं नीट करत होता. मधीच थांबला अन् डाव्या हातानं मानेमागं खाजवलं. उजवा हात मोकळा असताना डाव्या हातानं. आमच्या घरात तसं एकच जण करत होता.

तो वळला. तोंड हललं त्याचं. काहीतरी म्हणाला, मले ऐकू आलं नाही. मी पुढं जायले पाहत होतो, पण चिंचेच्या पुढं पट्टीवर टिंब नव्हतं. पाय उचलेचना...

"अहो! चहावर साय धरली!"

मास्तरीणबाई होत्या. मी मान वर केली. घड्याळात साडेपाच वाजले होते. माझ्या हिशेबानं दोन मिनिटं झाली होती. अनसूया माझ्या खांद्याले हात लावून उभी होती, तिचा चेहरा उतरला होता. "तीनदा हाक मारली तुम्हाले," ती म्हणाली. "अर्धा तास झाला, बोट एकाच जागी."

मास्तर माझ्या बोटाकडं पाहत होते. "तुम्ही वाट उलटी वाचली," ते म्हणाले. "सगळी वळणं उलट. वनरक्षक निळ्या डोहापाशी आहे. तुम्ही इकडं वरच्या कोपऱ्यात आलात."

"इथं चिंच आहे," मी म्हणालो.

"तिथं काहीच नाही हो. मी तो कोपरा रंगवलाच नाही."

खरंच, माझ्या बोटाखाली कोरा पिवळा पुठ्ठा होता.

मी खाली आलो. दिवेलागणीले हातपाय धुवायले बसलो, तर अनसूया कंदील घेऊन आली अन् माझ्या धोतराच्या काठाकडं पाहतच राहिली. "हे काय? कुठं गेलते तुम्ही?" काठाले घोट्यापासून गुडघ्यापर्यंत कुसळं टोचलेली होती. गवताची, वाळलेली. तिनं सकाळीच धुऊन दिलेलं धोतर. दिवसभरात मी मागापासून जिन्यापर्यंत अन् जिन्यापासून टेबलापर्यंत, एवढाच गेलो होतो. महालात फरशी, गटार अन् धूळ. कुसळ औषधाले मिळत नाही.

ती एकेक कुसळ काढत होती. आतून मायचा आवाज आला, "देवा आला?"

तेव्हा माझ्या तोंडून निघालं. "अनसूया, देवा कुठं आहे ते मले ठाऊक आहे. तीन वर्षांपासून."

हातातली कुसळं तिनं कंदिलाजवळ नीट ठेवली, उठली, अन् मायच्या खाटेवर जाऊन बसली. नऊ वर्षांत मले कोणी एवढी मोठी शिवी दिली नव्हती.

मास्तर पुढं अनेक दिवस विचार करत राहिले. त्यांचं म्हणणं, गल्लीतल्या त्या माणसानं तुम्हाले बागेचं वर्णन सांगितलं असेल, ते मनात राहिलं असेल. पण त्या माणसानं बाग पाह्यलीच नव्हती. देवा त्याले बाजारात भेटला होता. बरं, वर्णन मनात राहिलं असं धरू. कुसळं कोणाच्या मनातून आली? मी देवाधर्माले बोलावलं नाही, कोणत्या बाबाले विचारलं नाही. मास्तरांसारख्या शिकलेल्या माणसाले उत्तर सापडलं नाही, मले चौथीवाल्याले कुठून सापडणार. आज ऐंशीच्या घरात आहे, अजून सापडलं नाही. अन् मले जे समजत नाही ते समजल्याचं सोंग मी करत नाही.

आता फक्त दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली.

पहिली एस.टी. धरली. नरखेडच्या पुढं त्या गावच्या फाट्यावर उतरलो, तेव्हा ऊन कोवळंच होतं. कोणाले विचारायचं नाही असं ठरवलं होतं. फाट्यावरून कच्चा रस्ता निघत होता, त्या रस्त्यानं चालायले लागलो. पहिली लागली विहीर. तिच्यावर बाभूळ वाकलेली, अन् खोपे. मी पावलं मोजत गेलो, मास्तरांची नाही, माझी, उलट्या बाजूची. कवठ आलं. वळलो. गवत लागलं. मोहराचा वास लागला. चिंच आली... बुंध्यात पोकळ.

तिच्यापाशी मी थांबलो नाही. सरळ बागेत शिरलो.

देवा पावडं घेऊन उभा होता. केस पिकले होते त्याचे. माझ्याकडं पाहून त्याले नवल वाटलं नाही. राग आल्यासारखं दिसलं.

"काल काहून परत गेला गा दादा?" तो म्हणाला. "उन्हं उतरताना तिथं चिंचेखाली उभा होता. मी हाक मारली, तू बोलला नाही. मी पावडं ठेवून धावत आलो तर तू नाही. रातभर डोळ्याले डोळा नाही माझ्या. म्हटलं, दादा इथवर आला अन् माझं तोंड पाहून परत गेला."

मी त्याच्याकडं पाह्यलं. मग चिंचेकडं पाह्यलं. त्या झाडापासून माझ्यापर्यंत गवत आडवं झालेलं होतं. आता मी चालत आलो तेवढंच; काल मी चिंचेपुढं आलो नव्हतो.

काय सांगणार होतो त्याले? टेबल सांगू, पुठ्ठा सांगू?

"तुझ्या काठात चूक नव्हती," मी म्हणालो. "कागद मीच सुलटा वाचला होता."

डावा हात मानेमागं गेला त्याचा.

"ते मले तेव्हाच ठाऊक होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू ऐकला असता?"

मी त्याच्या हातातलं पावडं घेतलं, चिंचेच्या बुंध्याले टेकवून ठेवलं, अन् म्हणालो, "काल चिंचेपर्यंतच वाट होती. आज इथवर आलो. चाल, माय वाट पाहून राहिली."