गार मोटारीचं घोंगडं

माझ्या नातवानं कोथरूडला मोटारींच्या एसी दुरुस्तीचं गॅरेज काढलं. पाटी रंगवायला पेंटर आला, तेव्हा नातवानं त्याला वरची ओळ सांगितली: ‘मुळशीत पहिली गार मोटार काढणाऱ्या आजोबांची परंपरा.’ पेंटर रंग कालवायला लागला. मी खुर्चीतूनच म्हणालो, "बाबा रे, ती ओळ तूर्त राहू दे."

"का, आजोबा? खोटं आहे का त्यात?"

"मोटार मी चालवली. गार दुसऱ्याच कुणी केली."

नातू हसला. त्याला वाटलं, म्हातारा विनयानं बोलतोय. हा विनय मी जन्मभर वापरत आलो आहे. खरं बोललं तरी कुणी खरं मानत नाही, इतका तो आता मुरलेला आहे. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

एकोणीसशे वीसनंतरची ती सालं. धरणाच्या कामामुळे मुळशीच्या रस्त्यावर वर्दळ वाढली होती, आणि पौडच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं पौड ते पुणे सर्व्हिस मोटार सुरू केली होती. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. मी त्या मोटारीचा ड्रायव्हर, फिटर आणि हमालही. मोटारीला बाजूनं काचा नव्हत्या. पावसाळ्यात ताडपत्री सोडायची, उन्हाळ्यात गुंडाळून वर बांधायची. वैशाखात आत बसलेला माणूस पुण्याला उतरेपर्यंत निम्मा भाजलेला आणि निम्मा धुळीनं माखलेला असायचा.

शेठजींनी पुण्यात एका वकिलांच्या बंगल्यावर वाळ्याच्या ताट्या पाहिल्या. दारं-खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांवर पाणी मारायला गडी, आणि आत गारवा नि सुवास. शेठ परत आले ते एकच ध्यास घेऊन.

"मोटारीला ताट्या लावायच्या. लग्नसराई तोंडावर आहे. गार मोटार म्हटलं की वऱ्हाडं आपल्याकडेच येतील."

मी ताट्या बसवल्या. टपावर पत्र्याची लांब पन्हळ ठेवली, तिला बारीक भोकं पाडली, आणि पाणी ठिबकत ताट्यांवर येईल अशी सोय केली. पौडात मोटार उभी असताना आत खरोखर काश्मीर होतं. शेठजींनी ओळखीच्या लोकांना मुद्दाम आत बसवून दाखवलं. पण मोटार चालू लागली की वाऱ्यानं वाळा पिरंगुटच्या अलीकडेच वाळून जायचा, आणि खड्ड्यांच्या धक्क्यांनी पन्हळीतलं पाणी उसळून रस्त्यावर पडायचं. भोकं गाळानं बुजायची ती वेगळीच. रोज संध्याकाळी मी टपावर चढून दाभणानं ती मोकळी करत बसायचो आणि खालून येणारेजाणारे विचारायचे, "काय, गोधडी शिवताय का मोटारीची?"

एके दिवशी पिरंगुटच्या घाटात इंजिन उकळलं. नेहमीचंच होतं. उतारू सावलीला गेले आणि मी पाण्याचा डबा घेऊन कडेला बसलेल्या धनगरांकडे गेलो. एक जोडपं होतं, पाचपन्नास मेंढरं, आणि झाडाच्या बुंध्याशी पाण्याची मोठी घागर. घागरीला घोंगड्याचा जुना तुकडा गुंडाळलेला होता, आणि त्याचं एक टोक वरून घागरीच्या तोंडात सोडलेलं होतं. त्यातलं पाणी प्यालो तर दात शिवशिवले. उन्हाचा नुसता वणवा पेटलेला आणि पाणी हे असं.

धनगरीण माझ्याच वयाची, विशीतली असेल. मी मोटारीच्या ताट्यांकडे हताशपणे पाहतोय हे बघून ती म्हणाली, "त्या काड्या सुकनारच. काडीत कुटं पानी ऱ्हातंय? घोंगडं लावा की."

"घोंगडं?"

"टोक पान्यात सोडायचं. दिव्याची वात कशी तेल वडती, तसं घोंगडं पानी वडतं. धक्के बसू द्यात न्हाईतर वारं सुटू द्या. वरनं पानी सांडायला नगं, काय नगं."

तिचा नवरा चिलीम भरत म्हणाला, "अगं, मोटारवाल्यास्नी शिकीवतीस व्हय?"

"न्हाई शिकीवत. त्यांची मोटार बगा कशी फुसफुसतीया. तिला बी गुंडाळा म्हनावं."

मला तो उपाय पटला. पण धनगरणीकडून शिकलो असं व्हायला नको, म्हणून तिच्याकडे घोंगडं मागितलं नाही. पुण्यातून कोरं, कडक, झगझगीत घोंगडं विकत आणलं, आणि पुढच्याच वऱ्हाडाच्या दिवशी मोटारीच्या उन्हाच्या बाजूला ताणून बांधलं. पन्हळीची भोकं बुजवून वरचं टोक तिच्यातल्या पाण्यात सोडलं. शेठ स्वतः पुढच्या बाकावर नवरदेवाच्या मामांशेजारी बसले होते.

आमच्या भागातल्या कुठल्याही पोराला माहीत असतं की कोऱ्या घोंगड्याला चिंचोक्याची खळ असते. म्हणूनच ते पावसात भिजत नाही. मलाही माहीत होतं. पण घोंगडं म्हणजे पाऊस अडवायची वस्तू, हे डोक्यात इतकं पक्कं की इथं नेमकं उलटं काम आहे, हे सुचलंच नाही. भूगावच्या पुढं खळ सुटली. पाणी घोंगड्यात शिरेना, धक्क्यांनी उसळून वरून ओघळायला लागलं आणि ओघळताना खळ घेऊन आलं. मामांच्या जरीच्या फेट्यावर चिकट, पांढरट धार लागली. त्यांनी वर बघितलं तर ती मिशीवर आली. मामा भले गृहस्थ होते. ते एवढंच म्हणाले, "शेठजी, फेट्याला खळ आम्ही घरूनच करून आलो होतो."

आख्खी मोटार हसली. शेठ हसले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आता एकदा असं झालं, तर घराकडे चालू लाग. ड्रायव्हर मला पुण्यात दुसरा मिळेल."

घरी आई होती, आणि ड्रायव्हरकीशिवाय मला दुसरं काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी रिकामी मोटार घेऊन मी घाटात गेलो. घडलेलं सगळं सांगितलं. धनगरीण इतकी हसली की मेंढरं बिचकली.

"मामांच्या मिशीला बी खळ! आता ती मिशी पावसात भिजायची न्हाई बगा."

मग तिनं आपलं अंगावरचं घोंगडं काढलं. जुनं, मऊ, काळ्या रंगाचं, काठाला पांढऱ्या रेघांची जोडी. त्याचं सूत तिनं स्वतः कातलेलं होतं. लग्नाआधी, आईच्या घरी. ते तिनं ओढ्यावर नेलं आणि रिठ्याच्या फेसात पायांनी तुडवून धुतलं. शेवटची खळ, शेवटचा तेलकटपणा निघेपर्यंत. मला बजावलं, "पिळायचं न्हाई, नुसतं लोंबतं सोडायचं. रोज रातच्याला उतरवून वाळवायचं. न्हाईतर मेंढराचा वास सुटंल आन् तुमची वऱ्हाडं नाकं दाबत उतरतील. वाळ्याच्या चार काड्या काठात खोवा, म्हंजी शेठला बी बरं वाटंल."

"याचं काय द्यायचं?" मी विचारलं.

"पैसं नगंत. मला त्या मोटारीत बसून पुन्याला जायचंय. मेंढरांमागं चालत लई झालं. बसून जायचंय, आन् बाकावर. टपावर न्हाई."

मी म्हणालो, "येत्या बाजाराच्या दिवशी. घाटाच्या तोंडाशी उभी राहा. शब्द दिला."

घोंगडं लावलं आणि मोटार गार झाली. अगदी साधी गोष्ट. टोक पाण्यात, लोकर पाणी ओढते, वारा ते वाळवतो, आणि आत झुळूक गार होऊन येते. सकाळी पुण्याकडे जाताना ते एका बाजूला असायचं, दुपारी परत येताना दुसऱ्या बाजूला बांधायचं. खड्डे आले तरी तक्रार नाही, उसळलेलं पाणीही लोकरच पिऊन टाकायची. लोक मुद्दाम माझ्या मोटारीसाठी थांबू लागले. बायका म्हणायच्या, "झाडाखाली बसल्यागत वाटतंय." शेठजींनी पाठीवर थाप मारली. "डोकं आहे हो तुझं!" मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. मघाशी म्हटलं तो विनय तिथं जन्मला.

बाजाराच्या दिवशी शेठ मोटारीत होते. धनगरांना ते आत घेत नसत. फार तर टपावर, बोचक्यांशेजारी. मी सकाळपासून वाक्य जुळवत होतो: शेठजी, हे घोंगडं ज्यांचं आहे, ती माणसं. एवढंच म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं, तर माझं डोकं माझं राहिलं नसतं.

घाटाच्या तोंडाशी ती दोघं उभी होती. तिनं नवं हिरवं लुगडं नेसलं होतं, नवऱ्यानं धुतलेलं मुंडासं बांधलं होतं. मेंढरं कुणावर तरी सोपवून आली असणार. तिनं हात वर केला. मी गिअर बदलला आणि मोटार पुढं काढली.

मागून तिचा आवाज आला, घाटभर घुमणारा, हसरा:

"अवो, बगा! माजं घोंगडं चाललं पुन्याला! घोंगड्याला जागा हाय, माज्यासाटनं न्हाई!"

"काय ओरडतेय ती?" शेठजींनी विचारलं.

"मेंढरं वळतेय," मी म्हणालो.

एवढंच. मी कुणाला मारलं नाही, कुणाचं घर बुडवलं नाही. पण त्यानंतर घाट आला की माझा हात हॉर्नवर जायचा आणि नजर समोरच्या दगडांवर. तो कळप पुढं कोकणाच्या बाजूला उतरला, आणि घोंगडं माझ्याकडेच राहिलं. मोटार गेली, शेठ गेले, एसटी आली. ‘गार मोटारवाला’ हे नाव मात्र मला चिकटलं, खळीसारखं.

पाटी अर्धी राहिली तेव्हा नातवाला मी हे सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई आहे का अजून?"

घोंगड्याचे काठ दाखवून पौडच्या बाजारात धनगरांकडे चौकशी केली, तर उत्तर सहज मिळालं. मेंढरं विकून ती उरवड्यात राहायला आली होती. नवरा गेला, मुलगा कारखान्यात कामाला. आम्ही नातवाची अॅम्बॅसडर घेऊन निघालो. त्या आठवड्यात त्यानं गाडीच्या एसीचं काम केलं होतं. गॅस निघून जात होता, तर नळ्यांच्या जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठं येतात ते बघत तो बसला होता. मला ओढ्यावरचा रिठा आठवला. घोंगडं मी मांडीवर घेतलं होतं.

ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. केस सगळे पांढरे, दात दोनचार, पण मान तशीच ताठ.

"कोन?"

"ड्रायव्हर. पौडच्या मोटारीचा."

तिनं शेंग फोडायची थांबवली. आधी मला पाहिलं, मग माझ्या हातातल्या घोंगड्याच्या पांढऱ्या रेघांना. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि त्यांची तयारीही मी करून गेलो होतो.

"लई येळ लावलासा," ती म्हणाली. सुनेला हाक मारली, "माजं हिरवं पातळ काड गं. मोटार आलीया."

मी माफीचं काहीतरी बोलायला लागलो. तिनं हात उडवला. "ते गाडीत बोला. आधी बसू द्या."

ती पुढं बसली. मागं बसायला साफ नकार दिला. "मागं तू बस, डायवर. आता तुजी पाळी." नातवानं एसी सोडला. तिनं हात पुढं करून हवेच्या झरोक्यावर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ह्यात घोंगडं कुटं लपीवलंय?"

नातवानं समजावलं: आत नळ्या असतात, त्यांत पातळ केलेला गॅस सुकतो, सुकताना गारवा देतो. ती म्हणाली, "म्हंजी तेच की. फकस्त धुवायचं काम न्हाई."

घाटात ती जागा आली. तिनं काचेतून पाहिलं. भुकूम मागं पडल्यावर तिचे खांदे आखडलेले दिसले. नातवानं विचारलं, "आजी, गार होतंय? बंद करू?"

"बंद करशील तर बग!" ती म्हणाली. "पुन्यापत्तूर चालू ऱ्हाऊ दे. कबूल केलंय त्यानं."

मग वळून तिनं माझ्या मांडीवरचं घोंगडं ओढून घेतलं, त्याची भोकं बोटानं चाचपली, "राखलंस बरं म्हनायचं," असं पुटपुटली आणि ते अंगाभोवती घट्ट लपेटून बसली. मागं मी कुडकुडत होतो. घोंगडं मागायची सोय नव्हती.