अडीच झुरके

खोटं न बोलणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि असा माणूस ओळखीचा असण्याची पाळी देवानं वैऱ्यावरही आणू नये. सत्यवचनी माणसाचे गोडवे लोक गातात, कारण तो त्यांच्या वाट्याला आलेला नसतो. माझ्या वाट्याला आला. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्या सुमारास मी यवतमाळला पोलीस शिपायांच्या भरतीच्या टेबलावर कारकून होतो, आणि दारव्ह्याकडच्या एका लमाण तांड्यावरून हा गडी दर वर्षी भरतीला यायचा. त्याला नावानं कोणी हाक मारत नसे, सगळे नुसतं 'उमेदवार' म्हणत. बाकीचे उमेदवार यायचे, काही लागायचे, काही घरी जायचे. हा मात्र कायमचा उमेदवार होता.

अंगानं सागाच्या खोडासारखा. त्याला पाहिलं की हा उद्याच जमादार होईल असं वाटावं, आणि तेवढ्यात त्यानं तोंड उघडावं! उंची मोजताना पट्टीखाली उभा राहून मोजणाऱ्याला म्हणे, "केस दाबून धरा जी, केसाइची उंची माही नाही." एकदा धावण्यात पहिला आला आणि धापा टाकत सांगू लागला की शिट्टीच्या आधीच आपलं पाऊल पडलं होतं. मग त्याला पुन्हा एकट्याला धावायला लावलं. कडक ऊन होतं, बाकीचे झाडाखाली बसून हसत होते, आणि हा धावत होता. बाजारात बैल विकायला न्यायचा तर गिऱ्हाइकानं दात पाहायच्या आधीच सांगायचा, "याले उजव्या डोयानं कमी दिसते, अन् हा पाण्याले भेते." तो बैल शेवटी त्याच्याच गोठ्यात म्हातारा होऊन मेला. मुलगी पाहायला गेला तेव्हा होणाऱ्या सासऱ्याला आपणहून सांगून आला की मी झोपेत घोरतो आणि राग आला की दोन दिवस जेवत नाही. सासरा बराच वेळ वाट पाहत बसला, की आता मोठं काहीतरी बाहेर पडणार. काही पडलं नाही, तेव्हा त्यानं सुटकेचा निःश्वास टाकून पोरगी दिली.

पण भरतीचा अर्ज म्हणजे सासरा नव्हे. त्यात एक रकाना होता. 'गांजा, भांग, अफू इत्यादी मादक पदार्थांशी आपला कधी संबंध आला आहे काय? असल्यास तपशील द्यावा.' आणि ज्याचा कधीही संबंध आला, तो अपात्र, असा नियम. माझ्या हातून गेलेल्या सगळ्या अर्जांत तिथं 'नाही' लिहिलेलं असे. ज्यांचे डोळे अर्ज देतानाही लाल असत, त्यांच्याही. हा एकटा लिही, 'वयाच्या चौदाव्या वर्षी कळंबच्या वाटेवर निंबाखाली एका गोसाव्याची चिलीम भरून दिली व अडीच झुरके ओढले.' अडीच कसे म्हणून विचारलं, तर म्हणाला, "तिसऱ्याले ठसका आला जी, अर्धाच गेला आत. पुरा कसा लिवू?" रकान्यात जागा पुरत नसे, म्हणून सोबत पुरवणी कागद जोडलेला. आपण गाडीतच कसे झोपलो आणि बैलांनी गाडी आपली आपण तांड्यावर कशी आणली, हे त्यात सविस्तर लिहिलेलं. गोसाव्याचा पत्ता ठाऊक नसल्यामुळे साक्षीदार म्हणून त्या दोन बैलांची नावं दिलेली.

त्याच्या तांड्यावर एक रीत होती. हातून चूक झाली की नायकासमोर, म्हणजे तांड्याच्या प्रमुखासमोर, उभं राहून ती कबूल करायची आणि सगळ्यांना गूळ वाटायचा. ज्यानं गूळ खाल्ला, त्यानं ती गोष्ट पुन्हा काढायची नाही. काढली तर त्यालाच दंड. सरकार म्हणजे आपल्या नायकाहून मोठा नायक, अशी या भल्या माणसाची समजूत होती. म्हणून तो अर्जाबरोबर पंच्यात बांधून गूळ आणी आणि सगळ्या कचेरीत वाटे. आम्ही खात असू. हेडक्लार्क तर दुसऱ्यांदा मागून घेत. संध्याकाळच्या आत त्याच्या अर्जावर 'अपात्र' असा शिक्का पडलेला असे. पुढच्या वर्षी तो मला विचारी, "गूय तं साऱ्याइनं खाल्ला बाबूजी, मंग मले काहून नाही घेतलं?" मी कागद चाळत बसे.

एवढा हट्ट कशासाठी म्हणून एकदा मीच त्याला विचारलं. तो म्हणाला, "कुठंबी चोरी झाली का शिपाई पयले आमच्या तांड्यात येते जी. माह्या बापाले तं रोज ठाण्यात हजेरी द्या लागे. आमचा एक गडी त्याइच्यात असला तं येतीन तवा पयले इचारतीन तरी, अन् मंग मारतीन." त्याची मागणी एवढीच होती. मी म्हटलं, "अरे बाबा, आमच्या घरी दर शिवरात्रीला बदाम घालून भांग घोटतात. मीही नोकरीला लागताना 'नाही'च लिहिलं." तो एकदम गंभीर झाला आणि हळू आवाजात म्हणाला, "मंग तुमी अजून गूय नाही वाटला?"

होता होता त्याचं वयाच्या मर्यादेतलं शेवटचं वर्ष आलं. यंदा नाही तर कधीच नाही. मला राहवलं नाही. तुझं अक्षर साहेबांना लागत नाही, मी स्वच्छ नक्कल करून देतो, असं सांगून मी नवा अर्ज लिहिला, त्या रकान्यात 'नाही' घातलं आणि बैलांचा कागद फाडून टाकला. त्यानं न वाचता सही केली. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

सगळ्या चाचण्या त्यानं पार केल्या. शेवटी साहेबांसमोर उभा राहिला. साहेब नवे होते, आणि अर्जातली ओळ न् ओळ उमेदवाराला मोठ्यानं वाचून दाखवायची त्यांची पद्धत होती. हे मला आधी ठाऊक असतं तर! ते वाचत वाचत त्या रकान्याशी आले. "मादक पदार्थांशी संबंध, नाही."

"हाये जी. अडीच झुरके."

साहेबांनी चष्मा काढला. "मग हे 'नाही' कोणी लिहिलं?"

मी फाइल धरून टेबलाशेजारीच उभा होतो. त्यानं माझ्याकडे एकदाच पाहिलं. घरी माझी दोन लेकरं होती, आणि त्याला ती माहीत होती.

"म्याच लिवलं, साहेब."

खोटी माहिती दिली म्हणून त्याचं नाव कायमचं रद्द झालं, आणि तो शेरा मीच माझ्या हातानं नोंदवला. अर्जातलं आणि शेऱ्यातलं अक्षर एकच होतं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आठ दिवसांनी तो पंचा घेऊन आला. सायबासमोर खोटं बोललो, असं तांड्यावर नायकाला सांगितलं, दंड भरला, गूळ वाटला, आणि माझा वाटा घेऊन आला होता. "काहून बोल्लो ते नाही सांगतलं," तो म्हणाला. "तेवढं इचारलं नाही कोणी. खा जी, मंग हे खतम." मी त्याच्यासमोर उभ्या उभ्या तो गूळ खाल्ला. मला इतकं हलकं वाटलं की त्याची आजही लाज वाटते.

त्याच दिवाळीच्या सुमारास दारव्ह्याला कुणाचा तरी कापूस चोरीला गेला आणि शिपाई आधी तांड्यात गेले. त्या झडतीचा कागद माझ्याच टेबलावरून पुढं गेला.

त्यानं मात्र त्या अर्जाचा विषय पुन्हा काढला नाही. आजही दारव्ह्याच्या बाजारात भेटतो, लेकरांची नावं घेऊन विचारपूस करतो, बळेच चहा पाजतो. मी तिथं गेलो की आधी शेरभर गूळ विकत घेतो, तो हातात धरून त्याच्यापर्यंत जातो, आणि सारं बोलून टाकायचं असं ठरवूनच समोर उभा राहतो. तो पुडीकडे पाहून हसतो. "काहून जी, गूय घेऊन चालले? घरी सण हाये काय?"

"हो," मी म्हणतो, "पुरणाच्या पोळ्या आहेत."

आणि त्याला ते खरं वाटतं.