सोरा एर्सिलिया दारातून हटली नाही

रोममधल्या आमच्या त्रास्तेवेरे वस्तीतल्या गल्लीत सोरा एर्सिलिया (सोरा म्हणजे आमच्याकडं बाई) चाळीस वर्षं दारासमोर बसून खुर्च्यांच्या बैठका विणत आली. बादलीत भिजवलेलं पाणगवत, गुडघ्यांत धरलेली खुर्ची आणि तोंडाचा पट्टा सुरू. मी तिच्या वरच्या मजल्यावर राहायचो. माझी सकाळ तिच्या शिव्यांनीच उजाडायची.

शेजारचा सुतार गेला आणि त्याच्या जागी दुइलियोनं खानावळ टाकली. त्याची टेबलं सरकत सरकत एर्सिलियाच्या उंबऱ्याला येऊन टेकली. तिनं एक टेबल ढकललं आणि आपली बादली मांडली.

दुइलियो गोड बोलायला आला. "सोरा एर्सिलिया, आमच्या दारात बसा ना. जुन्या बायांसारखा डोक्याला रुमाल बांधा, परदेशी पाहुणे फोटो काढतील. रोजचं जेवण माझ्याकडून."

"तुझं जेवण? अंड्याच्या कार्बोनारा पास्त्यात मलई घालतोस मेल्या, लाज नाही वाटत?" ती म्हणाली. "आणि रुमाल माझ्या आईनंही कधी बांधला नाही. मी काय पुतळा आहे?"

मग त्यानं पालिकेचा माणूस आणला. तो बिचारा चाचरतच म्हणाला, "आजी, रस्त्यावर काम करायला परवाना लागतो. उद्यापासून बसू नका."

"उद्या सकाळी आठला ये. मी इथंच असेन."

दुसऱ्या दिवशी ती बसली. बोटं नेहमीसारखी चालत होती, पण नजर सारखी गल्लीच्या टोकाकडं जात होती. मला वरून बघवेना. मी घरातली एक खुर्ची घेऊन खाली उतरलो आणि तिच्या शेजारी बसलो. समोरून पाववाली नुन्झिया खुर्ची घेऊन आली. तासाभरात गल्लीत तिची धरून अकरा खुर्च्या झाल्या.

"माझ्या जिवावर आळशीपणा करताय होय रे?" एर्सिलिया ओरडली आणि तिनं बाहीला नाक पुसलं.

पालिकेचा माणूस आला. "आजी, उठा."

"उचल की! आधी या दहांना उचल, मग माझ्याकडे ये."

त्यानं रांगेतल्या खुर्च्या मोजल्या. शेवटी त्यानं तिच्या हातात नोटीस दिली आणि दुइलियोलाही रस्त्यावर आलेली दोन टेबलं आत घ्यायला लावली. नोटिशीला ओले हात पुसून ती पुन्हा विणायला लागली.

परवाना तिनं कधीच काढला नाही. एक्क्याऐंशी वर्षांची होईपर्यंत ती तिथंच बसली. एका हिवाळ्यात दुइलियो आपल्या आईची फाटकी खुर्ची घेऊन आला. एर्सिलियानं मानही वर केली नाही.

"ठेव तिकडं. तुझ्याआधी सात जण आहेत."