मिठाखालची अंगाई

‘‘वाजवून घ्या, भाऊ, वाजवून!’’

न्यू जर्सीतल्या सुपरमार्केटात, कलिंगडांच्या ढिगापुढे, मागून मराठी आवाज आला तेव्हा मी दचकलोच. बाईंनी माझ्या हातातलं कलिंगड काढून घेतलं, बोटाचं पेर वाकवून टकटक केलं आणि नाक मुरडून परत ठेवलं. पंच्याऐंशी-शहाऐंशी सालची गोष्ट असेल.

नागपूरच्या उन्हाळ्यात माठ घ्यायला गेलेली माणसं तुम्ही पाहिली असतीलच. या बाई, म्हणजे पुढे आमच्या ताई झाल्या त्या, त्यांतल्याच. तिकडून ही सवय त्या इकडे घेऊन आल्या होत्या. कॉफीचा मग, आमच्या दाराची चौकट, माझी जुनी गाडी, सगळं वाजवून बघायच्या. गाडी वाजवून म्हणाल्या, ‘‘हिचं काही खरं नाही.’’

मी युनिव्हर्सिटीत सिरॅमिक्सच्या लॅबची भट्टी सांभाळायचो आणि ताई तिथेच पीएच.डी. करत होत्या. दीक्षाभूमीजवळ वाढलेल्या, पाली शिकलेल्या बाई इथे येऊन अक्कादी वाचत होत्या.

‘‘ही कुठली भाषा बुवा?’’ मी विचारलं.

‘‘अरबी, हिब्रू माहीत आहेत ना? त्यांची थोरली मावशी समजा. लवकर घर सोडून पूर्वेला, इराककडे राहायला गेली. शेजारी सुमेरी लोक, त्यांच्याकडून मातीवर लिहायला शिकली. शेजाऱ्यांच्या सवयीपण लागल्या, क्रियापद शेवटी ठेवायला लागली, आपल्यासारखी! पण रक्त कुठे जातंय? आपण सलाम म्हणतो ना, त्याचं भावंड तिच्याही घरात आहे.’’

‘‘आणि आता?’’

‘‘आता कोणी बोलत नाही, बाप्पा. म्हणून तर ऐकावं लागतं.’’

त्यांचा सगळा प्रबंध एका पाटीवर उभा होता. तळहाताएवढी, कच्च्या मातीची पाटी. तिच्यावर रडणाऱ्या पोराला गप्प करायची अंगाई होती, पण शेवटच्या ओळींवर मिठाचा थर चढला होता. ब्रश लावला की मिठाबरोबर अक्षरंही निघायची. उपाय एकच: पाटी हळूहळू भाजायची आणि मग पाण्यात ठेवून मीठ काढायचं. भाजताना तडकली, तर चार हजार वर्षांची अंगाई आणि ताईंचा प्रबंध दोन्ही गेले.

आमच्या घरी तेव्हा चार महिन्यांची मुलगी होती आणि झोप म्हणून नव्हती. बायको अगदी सुकून गेली होती. ताई रविवारी यायच्या आणि मुलीला मांडीवर घेऊन ती अंगाई म्हणायच्या. मुलगी डोळे मोठे करून ऐकायची. अंगाई अर्ध्यावर थांबली की भोकाड पसरायची.

‘‘काय करू, माय? पुढचं मिठात आहे,’’ ताई तिची समजूत घालायच्या.

भट्टी लावली त्या दिवशी ताई स्टुलावर बसून होत्या.

‘‘हळू, भाऊ. हळू वाढवा.’’

मी वैतागलो. ‘‘ताई, माझ्या हातात बाळ दिलंय असं समजा आणि निवांत बसा!’’

‘‘तेच समजून जीव घाबरतो. घरी बाळ कितीदा हातात घेता ते वहिनींनी सांगितलंय मला.’’

 मी भट्टीचं बटण आणखी हळू फिरवलं.

भट्टी शनिवार-रविवार थंड होऊ दिली. सोमवारी मी दार उघडलं तेव्हा ताई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.  पाटी लाल झाली होती आणि अख्खी होती.

‘‘ताई, वाजवू का?’’

‘‘हात लावाल तर खबरदार!’’

मग त्यांनीच नखानं हळूच टिचकी मारली. बारीक, पक्का आवाज आला. ताई तिथेच फरशीवर बसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मीही बसलो. एवढं हायसं मला मुलगी जन्मली तेव्हाच वाटलं होतं.

पाण्यातून मीठ निघायला पुष्कळ दिवस गेले. मग एका रविवारी ताई आल्या, त्या दारातूनच म्हणाल्या, ‘‘वहिनी, शेवट लागला!’’

त्यांनी मुलीला घेतलं, अख्खी अंगाई म्हटली आणि शेवटच्या ओळींचा अर्थ सांगितला. तिथे पोराचं नावच नव्हतं. अंगाई म्हणणाऱ्या त्या कुठल्याशा बाईनं शेवटी देवाकडे स्वतःसाठी झोप मागितली होती.

बायको सोफ्यावर मान टेकवून ऐकत होती, तिचे डोळे भरून आले होते. ‘‘पुन्हा म्हणा ना, ताई,’’ एवढंच म्हणाली.

ताईंनी पुन्हा म्हटली. मुलगी टक्क जागी, बायको मात्र गाढ झोपली. मी तिला उठवायला गेलो तर ताईंनी डोळे वटारले आणि मुलगी माझ्या हातात दिली. त्यानंतर रात्री मुलीला मीच घेऊन फिरायला लागलो.

पुढे प्रबंध झाला, ताईंना दुसऱ्या टोकाच्या राज्यात नोकरी लागली आणि त्या गेल्या. निरोप घेताना बायकोला जय भीम म्हणाल्या, मुलीचा मुका घेतला. मग माझ्याकडे वळल्या आणि बोटाचं पेर वाकवून माझ्या खांद्यावर टकटक केलं.

‘‘पक्का भाजलाय बरं का, वहिनी,’’ म्हणाल्या. ‘‘आता झोपा खुशाल.’’