आईच्या उपवासाचं पाणी

भूम तालुक्यातल्या आमच्या गावात जैनांची घरं मोजकीच. भाद्रपदातल्या दशलक्षण पर्वात दहाही दिवस उपवास करायचे, ही आईची फार जुनी इच्छा. पण त्याच दिवसांत गौरी-गणपतीच्या ब्लाउजांचा ढीग तिच्या मशीनवर असायचा. त्या शिलाईवरच माझं बी.ए., बी.एड. झालं. आमच्या घरात इतकं शिकलेलं आधी कुणी नव्हतं. मला शाळेत नोकरी लागली त्याच वर्षी आईनं मंदिरात दहा उपवासांचा नियम घेतला. अन्न नाही. दिवसातून एकदाच, मंदिरातून आल्यावर, उकळून निववलेलं पाणी.

ते विहिरीचं लागे. घरी बोअर आहे, पण पाणी गाळल्यावर कापडावर राहिलेले बारीक जीव बोअरमध्ये परत कसे सोडणार? म्हणून शेजारच्या लिंगायत काकूंच्या मळ्यात मी जायची. दुहेरी कापडातून पाणी गाळायचं, कापड उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच धुवायचं. ते धुवण म्हणजे जिवाणी. ती छोट्या बादलीतून खाली पाण्यापर्यंत नेऊन अलगद सोडायची.

काकू रोज बघायच्या. "तुझी आय किड्यांचा जीव सांभाळती अन् स्वतःचा जाळती," म्हणायच्या.

सहाव्या दिवशी मला एसटीची घाई होती. मी जिवाणी काठावरूनच ओतली. आई मंदिरातून आली, भिंतीला धरून बसली आणि पेला हातात घेऊन तिनं रोजच्यासारखं विचारलं, "जिवाणी नीट सोडली ना?"

मी खरं ते सांगितलं. तिनं पेला खाली ठेवला.

"एवढ्या उंचावरनं पडून त्यांचं काय राहतंय? आज पाणी न्हाय घेत मी."

"कालपासून घोटभर पाणी नाही तुझ्या पोटात. चक्कर येईल."

"येऊ दे."

"मी परत आणते, नीट सोडते. मग घेशील?"

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "बाराच्या आत आण. नंतर न्हाय घ्यायची."

मळ्यात पोचले तर लाईट नुकतीच आलेली. पावसानं ओढ दिली होती, आणि काकू मोटारीच्या खटक्यापाशी उभ्या होत्या. मोटार लागली की सोडलेले जीवही पाण्यासोबत ओढले जाणार. मी झालेलं सांगितलं. त्यांनी हात मागं घेतला.

"सोयाबीन थांबतंय तासभर. तुझी आय न्हाय थांबायची. सोड बादली."

जिवाणी सोडताना दोर माझ्या हातातून भरभर सुटायला लागला. काकूंनी मागून दोर धरला. "हळू. मास्तरीण झालीस तरी घाई गेली न्हाय तुझी."

एसटी केव्हाच गेली होती. पाणी उकळून निववलं तेव्हा बाराला दहा मिनिटं होती. आईनं घोट घोट करत तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "उद्या अर्धा तास आधी ऊठ."

मी उठले. पुढचे चारही दिवस माझी बादली वर आल्याशिवाय काकूंनी मोटार लावली नाही. अनंत चतुर्दशीला आई कुणाचाही हात न धरता मंदिराच्या पायऱ्या चढली.